रक्त नेले, रिपोर्ट कुठे आहे? मेळघाटात नमुने घ्यायला येणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सातपुड्याच्या डोंगरात आरोग्य-संशोधनासाठी येणारे प्राध्यापक, डॉक्टर आणि पीएचडीचे विद्यार्थी;
त्यांच्या प्रस्तावांवर सह्या करणाऱ्या एथिक्स कमिट्या;
आणि त्यांच्यासाठी उपकेंद्रांची दारे उघडून देणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला, सिपना नदीचे पाणी उतरले की मेळघाटच्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या दिसू लागतात. मागच्या सीटवर आइसबॉक्स, जांभळ्या बुचाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळ्या, संमतिपत्रांचे गठ्ठे आणि दोन दिवसांत फील्ड उरकायची घाई. उपकेंद्रात आधीच पत्र येऊन पडलेले असते: ‘सहकार्य करावे.’ यंदाही आले. ज्या ढाण्यांवरच्या (पाड्यांवरच्या) लोकांनी मागच्या दोन-तीन हंगामांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी बाह्या वर करून दिल्या, त्याच ढाण्यांची नावे पुन्हा यादीत आहेत. तेव्हाच्या रक्ताचा एकही कागद अजून परत आलेला नाही. सहकार्य आम्ही करत आलो. या वेळी आधी हे पत्र.

लिहिणारे आम्ही कोण? कोणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसी) लॅबमध्ये काम करणारे, कोणी नमुन्यांची पेटी घाट उतरून परतवाड्याला पोचवणारे, कोणी कोरकू-मराठी दुभाषी, कोणी आशाताई. तुमच्या शोधनिबंधाच्या शेवटच्या ओळीत ‘स्थानिक कर्मचाऱ्यांचे आभार’ असतात, ते आम्ही. गाडी निघून गेल्यावर ‘माझ्या रक्तात काय निघालं?’ या प्रश्नाला तोंड द्यायला मागे उरतो, तेही आम्हीच.

संशोधन नको, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. डोंगरातल्या माणसांच्या अभ्यासाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातून जगाला मिळालेले थोडे नाही. प्रस्तावातले ‘पूर्वसंशोधन’ बहुधा दहा वर्षांपासून सुरू होते, म्हणून आम्ही जरा मागे जातो.

१८९० मध्ये विओ हा फ्रेंच शास्त्रज्ञ पेरूमधल्या मोरोकोचा या खाणगावी, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर गेला. तिथे त्याने स्वतःच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या. लिमात घनमिलिमीटरला ५० लाख होत्या, त्या वर गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ७० लाखांच्या पुढे गेल्या. विरळ हवेला शरीर असे उत्तर देते, हे तिथून कळले. पुढे १९२१-२२ मध्ये केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट पेरूच्याच सेरो दे पास्कोला पथक घेऊन गेले. त्यांची मोजमापे उत्तम होती. पण १९२५ च्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष असा काढला, की उंचावर राहणारी सगळीच माणसे शरीराने आणि बुद्धीने उणी असतात. मोजणारे स्वतः नुकतेच समुद्रकिनाऱ्यावरून वर गेलेले, डोके दुखत असलेले. मोजली जाणारी माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहून खाणीत घाम गाळणारी. पेरूचेच डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी याला उत्तर दिले. डोंगरात जन्मलेल्या माणसाला डोंगराच्या मापाने मोजा, असे त्यांचे म्हणणे. आणि अशा माणसाचीही जुळवणी कधी बिघडू शकते, हेही त्यांनीच १९२८ मध्ये दाखवले. त्या आजाराला आज मोंगे यांचे नाव आहे.

नंतर तिबेटी लोकांचा अभ्यास झाला आणि आणखी एक गंमत निघाली. तेवढ्याच उंचीवर अँडीजमधल्या माणसाचे हिमोग्लोबिन चढते, तिबेटी माणसाचे फारसे चढत नाही. २०१० मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. म्हणजे ‘डोंगरी माणूस’ नावाचा एकच एक माणूस कुठेच नाही. मेळघाटात कोरकू आहेत, गोंड आहेत, निहाल आहेत, गवळी आहेत. तुमच्या तक्त्यात मात्र ‘ट्रायबल’ असा एकच रकाना असतो.

दुसरा धागा गलगंडाचा. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीन वापरले. तरी स्वित्झर्लंडच्या डोंगरात आयोडीनचे मीठ घरोघर पोचायला १९२२ उजाडले. मधली शंभर वर्षे कारणांवर वाद चालू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी गिलगिटमध्ये एकाच पाटाचे पाणी पिणाऱ्या गावांची ओळीने पाहणी केली. पाणी जसजसे खाली उतरते तसतसा गलगंड वाढतो, हे त्यांनी अचूक टिपले. खालच्या गावांना वरच्यांची घाण मिळते म्हणून दोष जंतूंचा, असे त्यांनी ठरवले. आयोडीनची उणीव हा मुख्य मुद्दा मागे पडला. मोजणी बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो, याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

या धाग्याचे भारतीय टोक हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आहे. १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे लाखभर वस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्या विभागाला साधे. सहा वर्षांत मीठ मिळालेल्या विभागांतला गलगंड निम्म्यावर किंवा त्याखाली आला, साध्या मिठाच्या विभागात तसाच राहिला. सहा वर्षे एका विभागाला साधे मीठ देत राहणे आज कोणती कमिटी मंजूर करील, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण पुढचे पाऊलही लक्षात घ्या. १९६२ मध्ये त्या विभागालाही आयोडीनचे मीठ मिळाले आणि त्याच साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज धारणीच्या बाजारात मिळणाऱ्या मिठाच्या पुडीत दर किलोला निदान १५ मिलीग्रॅम आयोडीन असले पाहिजे, हा नियम त्या कामातून आला. कांगड्याच्या लोकांनी गळा दाखवला आणि त्यांना मीठ मिळाले. हिशेब एवढाच असतो.

आपल्याच विदर्भातला दाखला द्यायचा तर गडचिरोलीचा. तिथे बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ पासून देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी सहा-सात भेटी देतात, त्या याच कामावर आधारलेल्या. अभ्यास, औषध आणि शिकवलेली बाई ही तिन्ही एकाच गावात होती.

याउलट घेऊन जाणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिझली नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, असा आकडा काढून त्यावरून जमातींची प्रतवारी लावत. नाक मोजून घेणाऱ्याला त्यातून काय मिळाले, ते सांगायला नको. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी (डोंगरावर नव्हे, दरीत, पण दुर्गमपणा तोच) हवासुपाई लोक राहतात. मधुमेहाचा अभ्यास म्हणून १९९० पासून त्यांचे रक्त नेले आणि पुढे ते स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्ने, पूर्वज कुठून आले अशा विषयांसाठी वापरले. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. आणि अगदी शेजारचे उदाहरण: २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देण्याचा प्रकल्प झाला. कितीतरी संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये काम थांबवावे लागले, २०१३ मध्ये संसदीय समितीने ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट, हा आमचा इथला मुद्दा नाही. सही कोणाची, हा आहे.

आता आमच्या डोंगराकडे येतो. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या डोंगरी जमातींमधली. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद छापली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले १ जुलै २०२३ ला, शहडोलमध्ये. चाळीस वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. पहिल्या नोंदीपासून मिशनपर्यंत सत्तर वर्षे गेली आणि या काळात किती वेळा किती नळ्या भरल्या, याची एकत्र यादी आमच्या कुठल्याही पीएचसीत नाही. आमच्या तक्रारी अशा.

सगळ्यात मोठी तक्रार अर्धवट चाचणीची. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी: २ मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटे थांबायचे, नळीमागे रेघांचे कार्ड धरायचे. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि सोपी चाचणी, आमचा तिला विरोध नाही. पण ती कुठे फसते, हे तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक आहे. द्रावणातले डायथायोनाइट हवेने मरते. बाटली उघडल्याची तारीख लिहिली नसेल, गाडीत दिवसभर तापली असेल, तर सिकलचे रक्तही स्वच्छ दिसते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर पुरत नाही, रक्त दुप्पट घ्यावे लागते. म्हणजे ज्या बाईला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तिचीच चाचणी खोटी निगेटिव्ह येण्याचा धोका जास्त. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, तिथे ही चाचणी करूच नये. रोज सकाळी एक ठाऊक वाहकाचे (आजाराचे एकच जनुक असलेल्याचे) आणि एक साधे रक्त लावून द्रावण तपासायचे असते. हे करताना आम्ही फार थोडी पथके पाहिली.

आणि पॉझिटिव्ह आले तरी ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी लागते आणि तेवढ्यासाठीच ती जांभळ्या बुचाची नळी अमरावती-नागपूरला जाते. तिचा निकाल परत न येणे म्हणजे गावात फक्त ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द मागे ठेवणे. त्या शब्दावर मुलींची लग्ने मोडतात. वाहकाला कोणतेही औषध लागत नाही, तो शेतात राबू शकतो, गाविलगड चढू शकतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एवढी दोन वाक्ये कोरकूत कोणी नीट सांगितली, तर निम्मी भीती जाईल. ती सांगायची जबाबदारी प्रस्तावात कोणाच्याही नावावर नसते.

दुसरी तक्रार नमुन्याच्या प्रवासाची. रक्त घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची असते. झोडपायची नसते, तशीच ठेवायचीही नसते, नाहीतर गुठळी धरते. नळी बर्फाच्या पॅकला थेट टेकली तर रक्त गोठून पेशी फुटतात. मध्ये कागदाचा जाड थर लागतो. २ ते ८ अंशांत एचपीएलसीसाठी नमुना काही दिवस चालतो, पण सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) चोवीस तासांत व्हायला हवी. शिळ्या रक्तात पेशी फुगतात आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, खोटा चढतो. सिकलबरोबर बीटा थॅलेसेमिया असलेला रुग्ण ओळखायचा, तर लहान पेशी हीच पहिली खूण. ती अशी पुसली जाते. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सेमाडोहचा घाट, पीएचसीच्या फ्रिजला विजेचा भरवसा नाही. नमुना कोणत्या दिवशी यंत्रावर चढला, हे तुमच्या एकाही निबंधात आम्हाला वाचायला मिळालेले नाही.

हिमोग्लोबिनचेही तसेच. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, धारणीकडचा भाग बराच खाली. उंचीनुसार हिमोग्लोबिनच्या आकड्यातून वजावट करायची, हा नियम त्या विओच्या परंपरेतूनच आलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या कोष्टकात १००० मीटरला ०.२ ग्रॅम वजा होत. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ५०० ते ९९९ मीटरला ०.४ आणि १००० ते १४९९ मीटरला ०.८ ग्रॅम. चिखलदऱ्याच्या एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन १२.३ भरले, तर जुन्या हिशेबाने ती १२.१, म्हणजे ठीक. नव्या हिशेबाने ११.५, म्हणजे ॲनिमिया. कोणता हिशेब लावला, की लावलाच नाही, हे लिहिल्याशिवाय दोन तालुक्यांची तुलना कशी करता? शिवाय डिसेंबरच्या सकाळी चिखलदऱ्यात बोटे गार पडलेली असतात, थेंब येत नाही, मग टेक्निशियन बोट पिळतो आणि रक्तात पेशींबाहेरचे पाणी मिसळून आकडा खाली येतो. हात कोमट पाण्यात धरायला लावा, पहिला थेंब पुसा, पिळू नका. हिमोग्लोबिन मोजायला साहलीची नळी वापरत असाल तर आम्लात दहा मिनिटे थांबा. रांग लांब आहे म्हणून दोन मिनिटांत वाचलेला आकडा कमीच येणार.

तिसरी तक्रार माणसे मोजण्याची. दिवाळीनंतर अर्धा ढाणा खाली मैदानात कामाला उतरतो, अचलपूर, परतवाडा आणि त्याही पुढे. तुमचा सर्व्हे नेमका तेव्हाच. घरी सापडतात म्हातारे, गरोदर बाया आणि आजारी. मग निबंधात गावाचे आजारपण फुगते, किंवा नेमके धडधाकट तरुण वाहक सुटतात. जोडीला नावांचा घोळ. एका ढाण्यावर निम्मी घरे कासदेकर, उरलेली बेठेकर. कोरकू नाव मराठीत लिहिताना तीन पथके तीन तऱ्हांनी लिहितात, इंग्रजीत चौथी तऱ्हा होते. आईचे नाव, घर क्रमांक आणि वयाची खूण (‘अमक्या पुराच्या साली जन्म’ चालेल) नळीवरच्या क्रमांकासोबत लिहिली नाही, तर रिपोर्ट आला तरी तो द्यायचा कोणाला? मागे एकदा आलेल्या यादीत एकाच नावापुढे तीन निकाल होते आणि त्या नावाची माणसे पाच.

संमतीबद्दल थोडक्यात, कारण हे कमिट्यांना पाठच असणार. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही, गोंडीशीही नाही. ‘प्रस्तुत अध्ययनातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून’ असले मराठी तर परतवाड्याच्या मास्तरांनाही दोनदा वाचावे लागेल. दुभाषी म्हणून उभी केली जाते आशाताई, जिचा मोबदला त्याच दवाखान्यातून निघतो. तिच्यासमोर ‘नाही’ कोण म्हणेल आणि तिने तरी ‘नाही म्हणायची मुभा आहे’ हे किती ठासून सांगावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, की सरपंचाची वा गावाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही आणि अंगठ्याला निःपक्ष साक्षीदार लागतो. पथकाचाच ड्रायव्हर साक्षीदार म्हणून सही करतो, हे कमिटीने कधी येऊन पाहिले आहे? आणि दुसऱ्या पानावरचे ते वाक्य, ‘नमुना भविष्यातील संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो’, ते कोरकूत कसे सांगायचे, हे आमच्या दुभाष्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही. हवासुपाईंचे रक्त याच फटीतून गेले.

शेवटची तक्रार निष्कर्षांची. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेच टिकून राहते, म्हणून तो आफ्रिकेतल्यापेक्षा ‘सौम्य’, असे कितीतरी ठिकाणी छापलेले आहे. सरासरीत ते खरे असेलही. पण हा शब्द दवाखान्यापर्यंत झिरपतो आणि सांधे धरून रडणाऱ्या पोराला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवले जाते. तशीच ती ‘अंधश्रद्धा’. बाळाच्या फुगलेल्या पोटावर चटके देण्याची प्रथा घातकच आहे, आम्ही रोज तिच्याशी भांडतो. पण भूमकाचे (गावातल्या वैदूचे) घर किती मिनिटांवर आणि डॉक्टर असलेला दवाखाना किती तासांवर, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद, हे तीन आकडे त्याच परिच्छेदात का नसतात? बारक्रॉफ्ट यांनी डोंगरातल्या माणसात उणेपणा पाहिला, आपण कुठे उभे राहून मोजतो आहोत हे पाहिले नाही.

यावरून आमच्या मागण्या. यातल्या एकीलाही नवा कायदा लागत नाही.

आधीच्या सर्व अभ्यासांचे निकाल आधी परत करा. ज्या पीएचसीच्या हद्दीत नमुने घेतले, तिथे एक वही ठेवा: अभ्यासाचे नाव, वर्ष, किती नळ्या, कोणत्या फ्रीजरमध्ये, किती वर्षे ठेवणार, कधी नष्ट केल्या. ही वही मागेल त्याला दाखवा. दुसऱ्या कशासाठी नमुना वापरायचा असेल तर पुन्हा येऊन विचारा.

एचपीएलसीचा निकाल नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत त्या व्यक्तीच्या हातात, कागदावर, आणि कोरकूत समजावून. तीस दिवस शक्य नसतील तर तेवढेच नमुने घ्या जेवढे शक्य आहेत.

रुग्ण सापडला तर त्याच्या उपचाराची सोय प्रस्तावातच लिहिलेली हवी, ‘संदर्भित केले’ एवढ्यावर भागणार नाही. फॉलिक ॲसिड; लहान मुलांना पेनिसिलिन दिवसातून दोनदा, तीन वर्षांखाली १२५ आणि पुढे पाच वर्षांपर्यंत २५० मिलीग्रॅम; न्यूमोकॉकलची लस; आणि डॉक्टरांनी ठरवल्यास हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचा त्रास कमी करणारे औषध. ते साधारण किलोला १० ते १५ मिलीग्रॅमने सुरू करतात. बारा किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलीग्रॅम लागते आणि पीएचसीत ५०० ची कॅप्सूल असते. ती घरी फोडून पाव भाग द्यायला सांगणे हा उपाय नव्हे. लहान मात्रेचे औषध आणा. सुरुवातीला महिन्याला, नंतर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी लागते, कारण पांढऱ्या पेशी घसरल्या तर औषध थांबवावे लागते. ही सीबीसी धारणी-चिखलदऱ्यातच झाली पाहिजे. एका सीबीसीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडून कोणी अमरावती गाठणार नाही. गाठत नाहीत, हे आम्ही पाहतो.

अर्धा दिवस रांगेत बसवता, तर बुडीत मजुरी द्या. हा शब्द मेळघाटाला नवा नाही, कुपोषित बाळासोबत दवाखान्यात राहणाऱ्या आईला ती मिळते. आयसीएमआरची तत्त्वेही याला आडकाठी करत नाहीत.

काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा ग्रामसभेत उभे राहा. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे. पेसात रक्ताच्या नळीचा उल्लेख नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच ही मागणी कमिट्यांकडे करतो आहोत: ग्रामसभेतल्या दुसऱ्या भेटीची तारीख प्रस्तावात नसेल, तर मंजुरी देऊ नका.

दुभाषी पथकाने स्वतःच्या खर्चाने आणावा, आशाताईला या कामाला जुंपू नये. साक्षीदार पथकाबाहेरचा हवा.

आणि निबंधात लिहा: नमुना किती तासांनी यंत्रावर गेला, द्रावण कोणत्या तारखेचे, उंचीची वजावट कोणती, सर्व्हेच्या वेळी गावातली किती माणसे कामाला बाहेर होती.

यंदाच्या पथकांना आमचे सांगणे एवढेच, की वरच्या पहिल्या मागणीचे लेखी उत्तर येईपर्यंत आम्ही याद्या काढून देणार नाही. आजारी माणसाची तपासणी, मिशनची नेहमीची तपासणी, लसीकरण, यातले काहीही थांबणार नाही.

जुने रिपोर्ट घेऊन यायचे असेल तर होळीच्या आठवड्यात या. मैदानात गेलेली सगळी माणसे तेव्हा फगव्यासाठी घरी परतलेली असतात, पुढे-मागे दोन दिवस ढाणा भरलेला असतो. घरांच्या याद्या, कोरकू बोलणारी माणसे आणि शाळेच्या ओसरीत बसायची जागा आम्ही करून ठेवतो.

आपले,
मेळघाटातल्या उपकेंद्रांत, लॅबमध्ये आणि ढाण्यांवर काम करणारे आम्ही सर्व